धरणे पाडण्याचा हिशेब
अमेरिकेत आदिवासींनी नदी सोडवली. पैसा कोठून आला?

देखभालीचा खर्च उत्पन्नापेक्षा वाढू लागला की शहाणा व्यापारी तो धंदा वेळीच आटोपता घेतो. अमेरिकेतील क्लॅमथ नदीवरची चार धरणे याच हिशेबाने पडली.

ही नदी ओरेगॉन राज्यात उगम पावते आणि कॅलिफोर्नियात समुद्राला मिळते. युरोक, करुक, हूपा व क्लॅमथ या आदिवासी जमातींचे पोट पिढ्यान्‌पिढ्या येथील सॅल्मन माशावर चालत आले. सॅल्मन समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला नदीत परततो. १९१८ ते १९६२ या काळात विजेसाठी बांधलेल्या चार धरणांनी त्याची वाट अडवली. सप्टेंबर २००२ मध्ये नदीचे पाणी घटले, तापले आणि रोग पसरून ३० हजारांहून अधिक मासे मेले. २०१६ व २०१७ मध्ये तर मासा इतका कमी आला की, युरोक जमातीने आपली व्यापारी मासेमारी स्वतःहून बंद ठेवली. मुद्दल वाचवण्यासाठी दोन हंगामांच्या कमाईवर पाणी सोडले.

२००४ मध्ये आदिवासींचे शिष्टमंडळ थेट स्कॉटलंडला गेले. वीज कंपनीची मालकी तेव्हा तेथील कंपनीकडे होती. भागधारकांच्या सभेत त्यांनी आपली बाजू मांडली. पुढे परवान्याच्या नूतनीकरणासाठी माशांना वाट करून देणारी बांधकामे सक्तीची ठरली. त्या खर्चापेक्षा धरणे पाडणे ग्राहकांना स्वस्त पडेल, असा हिशेब निघाला.

यासाठी ४५ कोटी डॉलरची तरतूद झाली. त्यातले २० कोटी वीजग्राहकांच्या बिलांवरील अधिभारातून, तर २५ कोटी कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी २०१४ मध्ये मंजूर केलेल्या रोख्यांतून आले. ऑक्टोबर २०२४ पर्यंत चारही धरणे हटली आणि काही दिवसांतच सॅल्मन ओरेगॉनात दिसला. उघड्या पडलेल्या जमिनीवर पेरायचे स्थानिक बियाणे गोळा करण्याचे काम युरोक कामगारांनी केले. म्हणजे या पैशाचा काही भाग मजुरी म्हणून जमातीच्या घरातही आला.

दुसरा व्यवहार जमिनीचा. ब्लू क्रीक हा क्लॅमथला मिळणारा थंड पाण्याचा ओढा. नदीत वर चढणारा मासा येथे विसावा घेतो. भोवतालचे जंगल लाकूड कंपनीच्या ताब्यात होते. एका संवर्धन संस्थेने ते टप्प्याटप्प्याने विकत घेऊन युरोक जमातीकडे सोपवले. ४७ हजार एकरांचा हा व्यवहार २०२५ मध्ये पूर्ण झाला. त्यासाठीचे सुमारे ५.६ कोटी डॉलर कर्ज, करसवलती, देणग्या आणि कार्बन क्रेडिटची विक्री यांतून उभे राहिले. जंगल उभे ठेवले तर झाडे हवेतील कार्बन शोषून घेतात. त्याचे प्रमाणपत्र कारखान्यांना विकता येते. न तोडलेल्या लाकडालाही असा भाव मिळाला.

मासा पूर्वीइतका येण्यास अजून बरीच वर्षे लागतील. पण कारागिराला यातले मर्म उमगेल. कच्चा माल आटला की, हातात हुन्नर असूनही चूल थंडावते. म्हणून माल जेथून येतो ती जागा राखण्याचा खर्चही भांडवलातच धरावा लागतो.