नगरच्या किल्ल्यातला डॉक्टर

अहिल्यानगरचा भुईकोट किल्ला म्हटला की पंडित नेहरूंची खोली आणि ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ एवढेच बहुतेकांना आठवते. ‘चले जाव’चे सगळे मोठे नेते, अगदी गांधीजीसुद्धा, इथेच होते अशीही एक समजूत आहे. गांधीजी इथे नव्हते. 9 ऑगस्ट 1942 च्या पहाटे मुंबईत धरपकड झाली आणि नेत्यांना खास गाडीने हलवले. गांधीजींना चिंचवडला उतरवून पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये नेले, तर काँग्रेस कार्यकारिणीतल्या मंडळींची रवानगी नगरला झाली. ना खटला, ना शिक्षेची मुदत. भारत संरक्षण नियमांखालची ती नुसती स्थानबद्धता होती.

इथल्या बारा कैद्यांत नावामागे ‘डॉ.’ लावणारे तिघे होते, आणि तिघांनाही वैद्य समजण्याची चूक सर्रास होते. डॉ. सय्यद महमूद हे बॅरिस्टर, त्यांची डॉक्टरेट जर्मनीतली. डॉ. प्रफुल्लचंद्र घोष रसायनशास्त्रज्ञ. पुढे ते पश्चिम बंगालचे पहिले मुख्यमंत्री झाले. नाडी पाहणारा, औषध देणारा डॉक्टर एकच, भोगराजू पट्टाभी सीतारामय्या.

आपल्याकडे हे नाव एका पराभवापुरते उरले आहे. 1939 साली सुभाषबाबूंनी ज्यांना काँग्रेस अध्यक्षपदाच्या निवडणुकीत हरवले ते पट्टाभी, गांधीजींनी उभे केलेले एक नाममात्र उमेदवार, असे सांगितले जाते. यात अर्धेच खरे आहे. मौलाना आझादांनी माघार घेतल्यावर पट्टाभीही नाव मागे घेण्याच्या विचारात होते. त्यांना थांबवले ते गांधीजींनी, आणि म्हणूनच निकालानंतर हा पराभव पट्टाभींपेक्षा आपलाच अधिक आहे, असे गांधीजींनी जाहीर केले. सुभाषबाबूंना 1,580 मते पडली आणि दोघांतले अंतर दोनशेहून थोडेच जास्त होते. नाममात्र उमेदवाराला तेराशेच्या वर मते पडत नाहीत. या एका निकालावरून माणसाची किंमत ठरवणे मला अन्यायाचे वाटते, कारण त्याआधीची तीस वर्षे त्यात पुसली जातात.

पट्टाभींचा जन्म 24 नोव्हेंबर 1880 चा, गोदावरीकाठच्या प्रदेशातल्या गुंडुगोलनु गावचा. घरची गरिबी. मद्रास ख्रिश्चन कॉलेजातून पदवी घेऊन ते मद्रासलाच वैद्यकीय शिकले आणि मछलीपट्टणला दवाखाना थाटून बसले. व्यवसाय चांगला चालत असतानाच सुमारे दहा वर्षांत त्यांनी तो कायमचा सोडला. राजकारणात जायचे म्हणून सोडला, हे खरे; पण राजकारण म्हणजे त्यांच्या लेखी नुसती भाषणे नव्हती. मछलीपट्टणच्या राष्ट्रीय महाविद्यालयाच्या उभारणीत ते होते. ‘जन्मभूमी’ हे इंग्रजी साप्ताहिक त्यांनी चालवले. विमा कंपनी काढली. आणि 1923 साली त्यांनी आंध्र बँक स्थापन केली. पुष्कळांना वाटते तशी ती सुरुवातीपासून सरकारी नव्हती. शेतकऱ्याला आणि लहान व्यापाऱ्याला सावकाराच्या दारात उभे राहावे लागू नये म्हणून एका डॉक्टरने उभी केलेली ती खासगी बँक होती. तिचे राष्ट्रीयीकरण 1980 मध्ये झाले, आणि 1 एप्रिल 2020 रोजी ती युनियन बँकेत विलीन झाली.

काँग्रेसचा इतिहास पट्टाभींनी नगरच्या तुरुंगात लिहिला, असेही ऐकू येते. त्या इतिहासाचा पहिला खंड काँग्रेसच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त 1935 मध्येच छापून झाला होता. नगरच्या वास्तव्यातून आलेले त्यांचे पुस्तक वेगळे: ‘फेदर्स अँड स्टोन्स’, प्रकाशन 1946. या किल्ल्यातून एकट्या नेहरूंचा ग्रंथ बाहेर पडला हा समज त्यामुळे आपोआप गळून पडतो. आझादांची ‘गुबार-ए-खातिर’मधली पत्रेही इथलीच.

तो तुरुंग होता की विश्रांतिगृह, असा प्रश्न अधूनमधून विचारला जातो. वाचायला पुस्तके होती, अंगणात फुलझाडे लावायला जागा होती, हे खरे. पण सुरुवातीचे काही आठवडे वर्तमानपत्र नाही, पत्र नाही, आपला माणूस कुठे आहे हे घरच्यांना ठाऊक नाही. एप्रिल 1943 मध्ये आझादांच्या पत्नी कलकत्त्यात वारल्या, तेव्हा ते याच भिंतींच्या आत होते. बहुतेकांची सुटकाही नगरहून झाली नाही. 1945 च्या वसंतात एकेकाला आपापल्या प्रांतांतल्या तुरुंगांत हलवले. नेहरू 15 जूनला सुटले ते अल्मोड्याहून.

मराठी वाचकाचा पट्टाभींवरचा खरा राग मात्र 1949 चा आहे. 1948 साली पुरुषोत्तमदास टंडन यांना हरवून पट्टाभी काँग्रेसचे अध्यक्ष झाले, म्हणजे 1939 ने त्यांचे राजकारण संपले नव्हते. त्यांच्या अध्यक्षतेखालच्या जयपूर अधिवेशनात भाषावार प्रांतांचा विचार करण्यासाठी जवाहरलाल, वल्लभभाई आणि पट्टाभी यांची समिती नेमली गेली. ‘जेव्हीपी’ नावाने ती ओळखली जाते. तिघेही नगरच्या किल्ल्यातले सोबती. त्यांच्या अहवालाने भाषावार प्रांत लांबणीवर टाकले आणि महाराष्ट्र झालाच तर मुंबई शहर त्यात नसावे, असे म्हटले. त्याच किल्ल्यातले चौथे कैदी शंकरराव देव 1946 पासून संयुक्त महाराष्ट्र परिषदेचे अध्यक्ष होते.

त्यावरून पट्टाभी भाषावार प्रांतांचे जन्मजात वैरी होते असा निष्कर्ष काढणे मात्र चूक आहे. वेगळ्या आंध्राची मागणी मांडणाऱ्या पहिल्या फळीत ते होते. काँग्रेसमध्ये आंध्रासाठी स्वतंत्र प्रांतिक समिती हवी, असा आग्रह त्यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळातच धरला आणि तो लोकमान्य टिळकांना पटला होता. जेव्हीपी अहवालानेही आंध्राचा दरवाजा उघडा ठेवला, मात्र मद्रास शहरावरचा हक्क सोडण्याच्या अटीवर. आपल्या आंध्राला मद्रास सोडायला सांगणारा माणूस महाराष्ट्राला मुंबई सोडायला सांगत होता. मुंबईबाबतचा तो सल्ला मला मान्य नाही; पण त्यात मराठी माणसाविषयीचा आकस शोधण्यात अर्थ नाही.

1952 मध्ये ते मध्य प्रदेशाचे राज्यपाल झाले. राज्यपालपद भोपाळचे असेल असे आज कुणालाही वाटेल, पण त्या वेळी त्या राज्याची राजधानी नागपूर होती. म्हणजे चार वर्षांहून अधिक काळ पट्टाभींचा मुक्काम मराठी मुलखात होता, या वेळी राजभवनात. 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले आणि पट्टाभी नव्या मध्य प्रदेशाचे राज्यपाल म्हणून भोपाळला गेले. पुढच्या वर्षी ते पद सोडून निघाले. 17 डिसेंबर 1959 रोजी त्यांचे निधन झाले. मुंबईसह महाराष्ट्र त्यानंतर साडेचार महिन्यांनी झाला.