आधी नोंदणी, मग प्रतीक्षा : नव्या फोनचा साठा वाटला जातो तो कसा

१९ सप्टेंबर २०२५ रोजी भारतात आयफोन १७ची विक्री सुरू झाली. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ॲपलच्या दुकानाबाहेर आदल्या रात्रीपासूनच रांग होती. सकाळी त्या रांगेत रेटारेटी झाली, प्रकरण हातघाईवर आलं आणि सुरक्षारक्षकांना मध्ये पडावं लागलं. खरं तर या फोनची आगाऊ नोंदणी आठवडाभर आधीच, १२ सप्टेंबरच्या संध्याकाळी साडेपाचला खुली झाली होती. मग रांगेत रात्र काढण्याची गरज काय, असं घरी बसून बातम्या पाहणाऱ्याला वाटतं. आणि नोंदणी करूनही ज्याच्या पदरात पुढच्या महिन्याची तारीख पडली, त्याचा प्रश्न बरोबर उलटा असतो : दुकानात गेलेल्याला उभ्या उभ्या फोन मिळतो, तर आधी नोंदवणारा मी वाट का पाहतोय?

हा राग जवळपास प्रत्येक मोठ्या फोनच्या वेळी उसळतो. ‘मुद्दाम टंचाई करतात’ हे त्यावरचं नेहमीचं उत्तर. पण कुणी मुद्दाम काही केलं नाही, तरीही असंच घडेल अशी या विक्रीची रचना आहे. ती एकेक पायरीने पाहू.

पहिल्या दिवसाचा साठा

नव्या फोनचं उत्पादन विक्रीच्या काही आठवडे आधी सुरू होतं. सुरुवातीला कारखान्याचा वेग कमी असतो. नवा भाग, नवी जुळणी, तपासणीत बाद होणारे नग जास्त. हात बसत जातो तसं उत्पादन वाढतं. म्हणजे मागणी सर्वांत जास्त असते ती पहिल्या आठवड्यात, आणि साठा सर्वांत कमी असतो तोही त्याच आठवड्यात. बाकीच्या सगळ्या तक्रारींचं मूळ इथे आहे.

त्यात आणखी एक गुंता. दुकानदाराच्या हिशेबात ‘आयफोन १७’ नावाची एक वस्तू नसतेच. साधा १७ पाच रंगांत आणि दोन क्षमतांत, म्हणजे दहा प्रकार. आयफोन एअर चार रंग आणि तीन क्षमता, बारा. प्रो तीन रंग आणि तीन क्षमता, नऊ. प्रो मॅक्स तीन रंग आणि चार क्षमता, पुन्हा बारा. एकूण ४३. या प्रत्येकाचा अंदाज वेगळा करायचा, तोही विक्री सुरू होण्याआधी. केशरी रंग लोक उचलून धरणार की पांढरा, हे आधी कुणालाच पक्कं माहीत नसतं. त्यामुळे एकूण साठा पुरेसा असूनही तुम्हाला हवा तो रंग, हवी ती क्षमता पहिल्या तासात संपते, आणि दुसरा एखादा प्रकार दुकानात पडून राहतो. ‘स्टॉक आहे’ आणि ‘स्टॉक नाही’ ही दोन्ही वाक्यं एकाच दुकानात एकाच वेळी खरी असतात.

फोन भारतातच बनतो, मग इथे कमी का, असंही विचारलं जातं. भारतात जुळणी झालेले आयफोन मोठ्या प्रमाणावर निर्यात होतात. २०२५च्या एप्रिल ते जून या तिमाहीत अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनपैकी बहुतेक भारतात बनलेले असतील, असं ॲपलचे प्रमुख टिम कुक यांनी त्या वेळी सांगितलं होतं. कारखाना श्रीपेरुंबुदूरला आहे म्हणून पुण्याचा हक्क आधी, असं गणित त्यात नसतं.

एक फोन, अनेक रांगा

हा अपुरा साठा मग वाटला जातो. कंपनीचं स्वतःचं ऑनलाइन दुकान, कंपनीची स्वतःची दुकानं, फ्लिपकार्ट-ॲमेझॉनसारखी संकेतस्थळं, क्रोमा किंवा विजय सेल्ससारख्या साखळ्या, आणि डिस्ट्रिब्युटरमार्फत शहरोशहरीचे डीलर. अमेरिकेत यात मोबाइल सेवा कंपन्यांची भर पडते, कारण तिथे बरेच लोक फोन त्यांच्याकडूनच हप्त्यांवर घेतात. प्रत्येकाला ठरावीक वाटा, म्हणजे धंद्याच्या भाषेत ‘अलॉटमेंट’ मिळते.

महत्त्वाचं हे की हे वाटे एकमेकांत मिसळत नाहीत. डिस्ट्रिब्युटरने डीलरच्या नावे बिल फाडलं की तो माल डीलरचा झाला. कंपनीच्या संकेतस्थळावर तुम्ही नोंदवलेल्या ऑर्डरसाठी तो परत मागवता येत नाही. रेल्वेच्या आरक्षणासारखंच हे. मुंबईहून मडगावला जाणाऱ्या गाडीत मधल्या स्थानकापर्यंतचं पूल्ड कोट्यातलं वेटिंग जागचं हलत नाही, आणि त्याच गाडीत जनरल कोट्याची यादी मात्र भराभर पुढे सरकते. गाडी एक, डबे तेच, पण याद्या वेगळ्या. रेल्वेत प्रवाशाला निदान कोटा कुठला ते कळतं, फोनच्या बाबतीत ग्राहकाला तेही सांगितलेलं नसतं.

नोंदणी म्हणजे नेमकं काय

आगाऊ नोंदणी करताना आपण एखादा ठरावीक फोन आपल्या नावाने बाजूला काढून ठेवतो, अशी आपली समजूत असते. तसं बहुधा होत नाही. संगणकासमोर दोन आकडे असतात : त्या प्रकारचे किती नग हातात आहेत आणि पुढच्या आठवड्यांत कारखान्यातून किती येणार आहेत. हातातला साठा संपेपर्यंत ऑर्डर देणाऱ्यांना पहिल्या दिवसाची तारीख मिळते. त्यानंतरच्यांना येणाऱ्या मालातून वचन दिलं जातं, आणि तारीख मागे मागे सरकत जाते. म्हणजे नोंदणीत विकला जातो तो एका विशिष्ट रांगेतला क्रमांक. पाच मिनिटांच्या फरकाने दोन आठवड्यांचा फरक पडतो तो यामुळे.

कंपनी वचन देताना हात राखून देते, हेही लक्षात ठेवायला हवं. उशीर झाला तर बोभाटा होतो, लवकर पोहोचला तर गिऱ्हाईक खूश. म्हणून पडद्यावर दिसणारी तारीख पुष्कळदा खऱ्या परिस्थितीपेक्षा वाईट असते.

कधी कधी तर नोंदणीची यंत्रणाच कोलमडते. १५ जून २०१० रोजी आयफोन ४ची नोंदणी पाच देशांत सुरू झाली आणि एका दिवसात सहा लाखांहून अधिक ऑर्डरी आल्या. ऑर्डर मंजूर करणारी यंत्रणा त्या लोंढ्यापुढे टिकली नाही. ॲपलने माफी मागितली, आणि अमेरिकेतल्या एटी अँड टी कंपनीने नोंदणी तात्पुरती थांबवली. अशा वेळी ताटकळलेल्या माणसापुढे दुकानाबाहेरची रांग हाच मार्ग उरतो.

दुकानासाठी माल का राखतात

मग सरळ न्याय का करत नाहीत? आधी सगळ्या नोंदण्या पुऱ्या करा, उरलं तर दुकानात ठेवा. याचे प्रयोग होऊन गेले आहेत.

२०१५ साली ॲपल वॉच आलं तेव्हा कंपनीने जवळपास हेच केलं. १० एप्रिलला नोंदणी खुली झाली आणि काही तासांत अनेक प्रकारांची तारीख जूनवर गेली. २४ एप्रिलला, विक्रीच्या दिवशी, ॲपलच्या दुकानांत घड्याळ हाताला लावून पाहता येत होतं, विकत मात्र मिळत नव्हतं. रांगा टळल्या. पण दुकानापर्यंत चालत गेलेला माणूस रिकाम्या हाताने परतला.

पुढच्या वर्षीही थेट दुकानात येणाऱ्यांनाच फटका बसला. १६ सप्टेंबर २०१६ला आयफोन ७ दुकानांत येणार होता. विक्रीच्या तोंडावर ॲपलने जाहीर केलं की ७ प्लस कुठल्याही रंगात, आणि साधा ७ चकचकीत काळ्या रंगात, नोंदणीतच संपला आहे. थेट येणाऱ्यांना तो मिळणार नाही. कित्येक जण तोवर रांगेत उभेही राहिले होते.

आणि २०१७मध्ये आयफोन टेन. चेहरा ओळखणाऱ्या कॅमेऱ्याच्या भागांचं उत्पादन रखडल्याच्या बातम्या आधीपासून होत्या. २७ ऑक्टोबरला नोंदणी सुरू झाली आणि थोड्याच वेळात पाच-सहा आठवड्यांची प्रतीक्षा दिसू लागली. त्याच वेळी कंपनीने सांगितलं की ३ नोव्हेंबरला दुकानांत थेट येणाऱ्यांसाठी फोन असतील, लवकर या. डिसेंबरची तारीख मिळालेल्या ग्राहकांनी त्या दिवशी रांगेतल्यांच्या हातात फोन पाहिले, आणि सुरुवातीला म्हटला तो संताप उसळला.

म्हणजे कुठलीही वाटणी केली तरी एक गट नाराज होणारच. तरीही कंपन्या दुकानासाठी माल राखण्याकडे झुकतात, कारण त्यात त्यांचा फायदा आहे. दुकानात आलेला माणूस जुना फोन बदलून देतो, कव्हर घेतो, चार्जर घेतो, विमा घेतो. भाड्याने घेतलेली महागडी जागा विक्रीच्या दिवशी ओस पडली तर ते परवडत नाही. आणि रांगेची छायाचित्रं ही फुकटची जाहिरात. डीलरांनाही माल द्यावाच लागतो, नाहीतर वर्षभर ते दुसऱ्या कंपनीचा फोन पुढे सरकवतील.

आपल्याकडचा जादा गुंता

भारतात या रचनेवर आणखी थर चढतात. २०१४च्या जुलैत शाओमीने एमआय ३ हा फोन १३,९९९ रुपयांत फक्त फ्लिपकार्टवर आणला, तेव्हा ‘फ्लॅश सेल’ची ओळख घरोघरी झाली. नाव आधी नोंदवणं सक्तीचं होतं, पण त्या नोंदणीने फक्त आत शिरण्याची परवानगी मिळत होती, फोन नाही. माल तासाभराच्या आत, पुढच्या फेऱ्यांत तर काही सेकंदांत संपला. ‘रजिस्टर केलं होतं तरी मिळाला नाही’ ही तक्रार तेव्हापासूनची.

मागणी असलेला माल आधी ऑनलाइनला जातो आणि आमच्याकडे उशिरा, तोही तुटपुंजा येतो, ही किरकोळ मोबाइल विक्रेत्यांच्या संघटनांची जुनी तक्रार आहे. दिल्ली व्यापार महासंघाच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२०मध्ये ॲमेझॉन आणि फ्लिपकार्टच्या चौकशीचा आदेश दिला. त्यात एकाच संकेतस्थळावर होणाऱ्या फोनच्या विक्रीचाही मुद्दा होता.

डीलरकडचं बुकिंग हा तर वेगळाच प्रकार. हजार-दोन हजारांचं टोकन घेऊन दुकानदार नाव लिहून घेतो, तेव्हा त्याला आपली अलॉटमेंट किती हे पुष्कळदा ठाऊक नसतं. पन्नास नावं आणि बारा फोन आले, की कुणाला द्यायचा हे तो ठरवतो. सोबत कव्हर, काच आणि विमा घेणारं गिऱ्हाईक अशा वेळी यादीत अचानक वर सरकतं. इथे मात्र दोष वितरणाच्या रचनेवर ढकलता येत नाही.

मग करावं काय

नेमका एक रंग आणि नेमकी क्षमताच हवी असेल, तर नोंदणीच करावी, आणि खुली झाल्याच्या पहिल्या काही मिनिटांत. पत्ता आणि पैसे भरण्याची माहिती आधीच भरून ठेवावी, कारण क्रमांक मिळतो तो ऑर्डर पुरी झाल्यावर. कुठलाही रंग चालणार असेल, तर दुकानात जाण्यात अर्थ आहे. घरपोच तारीख लांबची दिसली तर ‘दुकानातून घेईन’ हा पर्याय जरूर उघडून पाहावा. तो वेगळ्या वाट्यातून भागवला जाऊ शकतो. नोंदवून न्यायला न आलेल्यांचे आणि रद्द झालेल्या ऑर्डरींचे फोन पुन्हा विक्रीत येतात, शिवाय ताजा माल थोडा थोडा येत राहतो. म्हणून पहिल्या दिवशी हुकलं तरी पुढचे काही दिवस चौकशी चालू ठेवावी.

डीलरला टोकन देण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात : तुमच्याकडे या प्रकाराचे किती फोन येणार आहेत, माझा क्रमांक कितवा, आणि फोन नाही आला तर टोकन पूर्ण परत मिळणार का. तिसऱ्याचं उत्तर पावतीवर लिहून घ्यावं.

ऑनलाइन नोंदणीला कायद्याचा आधार आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार सांगितलेल्या मुदतीनंतर आलेला माल परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. उशीर त्याच्या हाताबाहेरच्या आपत्तीमुळे झाला असेल तर तेवढा अपवाद. ई-कॉमर्स कंपनी स्वतःहून ऑर्डर रद्द केल्यावर तसंच शुल्क स्वतः सोसणार नसेल, तर तुम्ही रद्द केल्यावर तिलाही शुल्क लावता येत नाही. दाद मागायची तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. त्यासाठी नोंदणीच्या दिवशी दाखवलेली तारीख स्क्रीनशॉट काढून जपून ठेवावी, कारण ती पुढे बदलते.

आणि ज्याला थांबणं जमतं, त्याला यातलं काहीच करावं लागत नाही. पाच-सहा आठवड्यांच्या प्रतीक्षेने गाजलेला तो आयफोन टेन डिसेंबरच्या मध्यापर्यंत अमेरिकेत ऑर्डर दिल्यावर काही दिवसांत घरी येत होता. कारखान्याने वेग पकडला की रांगा आपोआप एकमेकींत विरून जातात, आणि तोच फोन, त्याच किमतीला, हव्या त्या रंगात मिळतो.