रुतलेल्या गाडीची 'रिकव्हरी' : ओढयंत्र पारखून घ्या



'रिकव्हरी' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर साखरेचा उतारा येतो. शंभर किलो उसातून साखर किती निघाली यावर भावाचे गणित बसते, त्यामुळे हा इंग्रजी शब्द आपल्या घराघरात पोचला आहे. गाडीवाल्यांच्या भाषेत मात्र रिकव्हरी म्हणजे चिखलात फसलेली गाडी बाहेर काढणे. या दोन रिकव्हऱ्यांचा संबंध वाटतो त्याहून जवळचा आहे. तोडलेला ऊस पडून राहिला की त्याचे वजन घटते आणि त्यातली साखरही नासू लागते. तोडणीनंतर चोवीस तासांच्या आत ऊस गव्हाणीत पडावा, असे आम्ही नेहमी सांगतो. पण ट्रॉलीच पांदणीत रुतून बसली तर उसाने करावे काय?

आपला बुलडाणा जिल्हा रुतण्याच्या बाबतीत भाग्यवान म्हणावा लागेल! घाटाखाली मलकापूर, नांदुरा, जळगाव जामोद, संग्रामपूर या भागात पूर्णेच्या खोऱ्यातली खोल काळी जमीन. घाटावर मेहकर, सिंदखेडराजा, देऊळगावराजा इकडे पैनगंगा आणि खडकपूर्णेच्या काठची भारी जमीन. ही माती पाणी प्याली की फुगते, चाकाला गोळे धरते आणि खालून आधारच काढून घेते. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा खुला झाला आणि तो आपल्या जिल्ह्यातून गेला, ही आनंदाची गोष्ट. परंतु ऊस काही त्या महामार्गाच्या कडेला उभा नाही. फडापासून पक्क्या रस्त्यापर्यंत जो फर्लांगभर पांदणीचा तुकडा असतो, तोच खरा घाट. नोव्हेंबरात एखादी अवकाळी सर आली, किंवा शेजाऱ्याच्या पाटाचे पाणी फुटले, की भरलेली ट्रॉली तिथेच बसते.

म्हणून या अंकात आम्ही गाडी ओढून काढणाऱ्या यंत्राची, म्हणजे 'विंच'ची माहिती देत आहोत. जीपवाल्यांनाही ती उपयोगी पडेल आणि ट्रॅक्टरवाल्यांनाही.

झटका देऊ नका

गाडी फसली की आपल्याकडचा पहिला उपाय ठरलेला. दुसरा ट्रॅक्टर आणायचा, साखळी लावायची, आणि कडेला उभे असलेले दहा जण ओरडतात, "काही होत नाही भाऊ, दे जोरात!" या जोरातच माणसे गेली आहेत.

ट्रॅक्टरची मागची चाके अडकली आणि इंजिन मात्र जोर लावत राहिले, तर चाक फिरण्याऐवजी ट्रॅक्टरचे धूडच मागच्या आसाभोवती फिरू पाहते. पुढची चाके उचलली जातात. तिथून ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर उलटा पडायला सेकंद-दीड सेकंद पुरतो. क्लच दाबायचा विचार मनात येईपर्यंत खेळ संपलेला असतो. साखळी टॉपलिंकला किंवा आसाच्या वर बांधली असेल तर हा धोका फारच वाढतो. ओढायचेच असेल तर साखळी खालच्या ड्रॉबारलाच लावावी. आणि मागच्या चाकांना आडवे लाकूड बांधून ट्रॅक्टर बाहेर काढायचा जो प्रकार आपण सर्रास पाहतो, तो कृपा करून कायमचा बंद करावा. लाकूड जमिनीत अडले की चाक थांबते आणि ट्रॅक्टर उलटतो.

जड यंत्र मऊ जमिनीत न घालता दोराने ओढावे, ही युक्ती जुनी आहे. इंग्लंडात जॉन फाऊलर यांनी वाफेचे इंजिन शेताच्या कडेला उभे करून तारेच्या दोराने नांगर ओढण्याची पद्धत यशस्वी केली. १८५८ साली तिथल्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीने त्यांना ५०० पौंडांचे बक्षीस दिले. विंचचे तत्त्व हेच : टणक जागेचा आधार घ्या, आणि झटका न देता सावकाश, एकसारखे ओढा.

आधी ओझे ओळखा

दुकानात जाण्यापूर्वी आपल्याला किती टनांची ओढ लागणार, हे ठाऊक हवे. अमेरिकी लष्करातली वाहन काढणारी पथके एक सोपा अडाखा वापरतात. गाडी चाकांपर्यंत रुतली असेल तर गाडी आणि माल यांचे जेवढे वजन, तेवढीच ओढ लागते. मडगार्डपर्यंत गेली असेल तर दुप्पट. त्याहून खोल, पार केबिनपर्यंत गेली असेल तर तिप्पट. चढ असल्यास ओढ आणखी वाढते.

आता आपल्या गाड्यांचा हिशेब करू. माणसे आणि सामानासह जीप दोन ते अडीच टन भरते. दीडपट क्षमतेचा विंच घ्यावा असा सर्वमान्य नियम आहे, म्हणजे पावणेचार टनांच्या आसपास. हे झाले सोपे गणित. पण आठ टन ऊस भरलेली, स्वतः दोन टनांची ट्रॉली चाकांपर्यंत बसली, तर ओढ लागते दहा टनांची! एवढी ओढ देणारे हातयंत्र सामान्य सभासदाच्या आवाक्यात नाही. तिथे शहाणपणाचा मार्ग एकच, मोळ्या खाली उतरवा. सगळा ऊस उतरवला की तीच ट्रॉली दोन टनांची होते. चाकांपुढची माती फावड्याने उताराने काढा, खाली पाचट दाबून भरा, म्हणजे ओढ आणखी कमी होते. "उतरवून परत भरायचे म्हणजे मजुरी दुप्पट," असे आपण म्हणाल. खरे आहे. परंतु तुटलेला दोर आणि मोडलेला आस त्याहून महाग पडतो, आणि माणसाला तर किंमतच नाही.

यंत्रांचे प्रकार

१) विजेवर चालणारा विंच : हा जीपच्या पुढच्या बाजूला बसवतात आणि तो गाडीच्याच बॅटरीवर चालतो. भारतात जीप रुळली ती महिंद्रांनी मुंबईत विलिस जीप जोडायला सुरुवात केली तेव्हापासून. परंतु विजेचा विंच आपल्याकडे अजून हौशी मंडळींपुरताच आहे. काम झटपट होते, पण पूर्ण भारावर तो चारशे अँपिअरच्या आसपास वीज खातो. त्यामुळे इंजिन चालू ठेवून मिनिटभर ओढावे आणि मोटार थंड होऊ द्यावी. बॅटरी जुनी असेल तर ऐनवेळी विंचही बसतो आणि गाडीही. शिवाय पुढे जाड लोखंडी बंपर लावण्यापूर्वी आरटीओ कार्यालयात विचारून घ्यावे. गाड्यांना लावलेले क्रॅश गार्ड आणि बुल बार हे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा भंग ठरतात, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवले होते.

२) दांडीचे तारदोर यंत्र : याला बाजारात 'टिरफोर' म्हणतात. हे मूळ एका कंपनीच्या मालाचे नाव, पण आता अशा सगळ्याच यंत्रांना लोक तेच म्हणतात. विहिरीतून बादली ओढताना आपण एका हाताने दोर धरतो आणि दुसरा हात पुढे नेतो ना, तसेच यात जबड्यांच्या दोन जोड्या दोर आळीपाळीने धरतात. ओढ वाढली की पकड आणखी घट्ट होते. साधारण ०.८, १.६ आणि ३.२ टन अशा मापांत ते मिळते. बॅटरी नको, इंजिन नको. दोर यंत्रातून आरपार जातो, त्यामुळे लांब दोर असला तरी ताकद तेवढीच राहते. उणीव एकच, वेग. दांडीच्या एका हेलकाव्याला तीन ते पाच सेंटीमीटर, म्हणजे दहा मीटरला दोनशे-तीनशे हेलकावे. दोन गडी आलटून पालटून लागतात.

३) चेन कुप्पी : वर्कशॉपमध्ये इंजिन उचलायला ही उत्तम. शेतात मात्र साखळीची लांबी अपुरी पडते आणि चिखलाने ती खराब होते.

४) खटक्याचा छोटा पुलर : स्वस्त आणि हलका. दोर दोन-तीन मीटरच असतो आणि खटक्याचे दात लवकर झिजतात. मोटारसायकल किंवा रिकामे औजार ओढण्यापलीकडे त्यावर भरवसा ठेवू नये.

आमच्या मते ट्रॅक्टर-ट्रॉलीवाल्या सभासदांसाठी ३.२ टनांचे दांडीचे यंत्र आणि त्याबरोबर एक दणकट कप्पी ही जोडी सर्वांत भरवशाची. कप्पी फसलेल्या गाडीला लावून दोराचे टोक परत आधाराकडे बांधले, की घर्षण वजा जाता ओढ जवळजवळ दुप्पट होते, म्हणजे सहा टनांच्या आसपास. वेग मात्र निम्मा होतो. कप्पी यंत्राच्या दुप्पट क्षमतेची हवी, हे विसरू नये.

दुकानात काय पाहावे

आकडा कशाचा ते विचारा. विजेच्या विंचवर बहुधा पौंडांत आकडा असतो. त्याला २.२ ने भागले की किलो निघतात. म्हणजे ९,५०० चा विंच सुमारे ४,३०० किलोंचा. तोही आकडा ड्रमवर दोराचा एकच थर असतानाचा. चौथ्या थरापर्यंत साधारण तिसरा हिस्सा ताकद गेलेली असते. म्हणून दोर जास्तीत जास्त सोडून ओढावे, मात्र ड्रमवर निदान पाच वेढे ठेवावेत. दांडीच्या यंत्रावरचा आकडा उचलण्याचा की ओढण्याचा, हेही विचारावे आणि उचलण्याचा धरून चालावे.

हात सोडून पाहा. भार असताना दांडी किंवा बटण सोडले तर यंत्राने भार जागच्या जागी धरून ठेवला पाहिजे. जो विंच सुटतो किंवा घसरतो, तो फुकट मिळाला तरी घेऊ नये.

पिन पाहा. ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट. चांगल्या दांडीच्या यंत्रात एक नरम पिन असते. भार मर्यादेबाहेर गेला की आधी ती तुटते. दांडी सैल पडते, पण दोर आणि भार जागीच राहतात. म्हणजे यंत्र सांगते, "बापा, आता पुरे!" जे यंत्र ठरलेल्या जागी मोडते तेच भरवशाचे, कारण जे ठरलेल्या जागी मोडत नाही ते दोराशी किंवा हुकाशी मोडते आणि माणसाला लागते. म्हणून जादा पिना यंत्राबरोबरच मागून घ्याव्यात. तुटलेल्या पिनेच्या जागी खिळा किंवा बोल्ट ठोकणे म्हणजे फ्यूजच्या जागी जाड तार घालण्यासारखे आहे. दांडीला पाईप घालून ती लांब करणे हाही त्यातलाच प्रकार.

दोर पाहा. टिरफोरला त्याच मापाचा, त्याच्यासाठी बनवलेला दोर लागतो. भंगारातला दोर चालत नाही. इतर कामाच्या तारदोरावर आयएस २२६६ आणि चेन कुप्पीवर आयएस ३८३२ हे भारतीय मानक आहे का, ते बघावे. जबडे आणि पिना जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा निदान अकोला, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे मिळतात का, याची चौकशी पैसे देण्याआधी करावी.

बांधायचे कशाला?

यंत्र कितीही चांगले असो, आधार उपटला तर सगळे व्यर्थ. जिवंत कडुनिंब किंवा बाभूळ असेल तर बुंध्याला अगदी खाली रुंद पट्टा बांधावा. नुसता तारदोर बांधल्यास साल कापली जाते आणि झाड वाळते. झाड नसेल तर हातभर अंतराने एकामागे एक पहारी ठोकून त्या एकमेकींना बांधाव्यात. किंवा खोल आडवा चर खणून त्यात ओंडका पुरावा आणि त्याला दोर लावावा.

ओढ सुरू झाली की दोराच्या लांबीइतक्या अंतरात कुणी उभे राहू नये, पोरांना तर बांधाच्याही पलीकडे पाठवावे. दोराच्या मध्यावर ओले पोते टाकावे, म्हणजे तो तुटलाच तर फटका कमी बसतो. ताणलेला दोर कधीही ओलांडू नये. हातात चामड्याचे मोजे घालावेत, कारण तुटलेली तार फडक्यातून आरपार जाते. दोराला क्लँप लावताना 'यू'चा गोल भाग आखूड, सुट्या टोकावर यावा आणि खोबणीची बैठक भाराच्या दोरावर. निदान तीन क्लँप लावावेत.

काम झाल्यावर दोर धुऊन, वाळवून, तेलाचा हात फिरवून गुंडाळावा. यंत्रातली माती डिझेलने धुऊन तेल सोडावे. दोर पिळला, चपटा झाला किंवा त्याची जाडी दहावा हिस्सा झिजली, तर जीव न लावता तो काढून टाकावा.

एकाने नव्हे, सर्वांनी

असे यंत्र वर्षातून दोन-चार वेळाच लागते. प्रत्येकाने घेण्यात अर्थ नाही, पण दहा-बारा सभासदांच्या गटाने किंवा एका पांदणीवरच्या शेतकऱ्यांनी मिळून एक घ्यावे. यंत्र कुठे ठेवायचे, दोर कोण तपासणार आणि पिना कुणाकडे राहणार, हे आधीच ठरवून वहीत लिहावे. सहकाराने कारखाना उभा राहतो, तर एक विंच का नाही? हंगाम सुरू होण्यापूर्वी, पांदण कोरडी असतानाच, रिकाम्या ट्रॉलीवर एकदा सर्वांसमक्ष चालवून पाहावे. चिखलात उभे राहून यंत्र शिकायची पाळी कुणावर येऊ नये.

आपला ऊस वेळेवर गव्हाणीत पडो, आणि तो आणणारा चालक संध्याकाळी सुखरूप घरी पोचो, हीच आमची इच्छा.