हॉटस्पॉटचा डेटा कुठे मुरतो?

समजा, उंब्रजच्या एका शाळेत शिक्षकांना वर्गाला हृदयाचे कार्य दाखवायचे आहे. त्यांनी आपल्या मोबाइलचा हॉटस्पॉट सुरू केला, लॅपटॉप जोडला आणि दहा मिनिटांची चित्रफीत लावली. ती अर्ध्यावर येते न येते तोच दिवसाचा दीड जीबी डेटा संपला! एकट्या चित्रफितीने तो खाल्ला का?

बहुधा नाही. वाय-फाय मिळाले की डेटा अमर्याद आहे, असे लॅपटॉप सहसा गृहीत धरतो. त्यामागे मोजकाच डेटा असलेला मोबाइल आहे, हे त्याला नेहमी कळत नाही. मग संगणकप्रणालीच्या सुधारणा उतरू लागतात, फोटोंच्या प्रती वर जाऊ लागतात. पाट फुटावा आणि पिकाला पाणीच पोहोचू नये, तसे होते.

उपाय सोपा आहे. विंडोजमध्ये त्या वाय-फायसाठी ‘मीटर्ड कनेक्शन’ सुरू करावे. अँड्रॉइड टॅबवरही ते वाय-फाय ‘मीटर्ड’ ठरवून ‘डेटा सेव्हर’ लावावा. थांबवलेल्या सुधारणा मात्र ब्रॉडबँड मिळेल तेथे अवश्य घ्याव्यात. त्यांत सुरक्षेच्या दुरुस्त्या असतात.

आता चित्रफितीकडे वळू. पडद्यावरचे चित्र ठिपक्यांचे असते. १९२० × १०८० म्हणजे २०,७३,६०० ठिपके. ६४० × ३६० म्हणजे २,३०,४०० ठिपके. फरक नऊपट! पाठवताना चित्रांचे संकोचन होत असल्याने डेटातील फरक नेमका नऊपट नसतो, तरी मोठा असतो. लॅपटॉपच्या छोट्या पडद्याला बहुधा ३६० पुरते. तीन तुकड्यांना तेच दाखवायचे असेल, तर तीनदा न मागवता एकदाच उतरवून घ्यावे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘दीक्षा’ अ‍ॅपवर तशी सोय आहे.

मजकुराचे काय? यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. म्हणजे हा सारा लेख सुमारे पाच हजार बाइटचा. याच पानाचा फोटो काढून मूळ आकारात पाठवला, तर तो सहज वीस लाख बाइट भरेल, म्हणजे चारशेपट! गृहपाठ टंकून पाठवला, तर घरात एकच मोबाइल असलेल्या मुलाचा डेटा वाचतो.

हा प्रयोग वर्गात जरूर करावा. मोबाइलच्या सेटिंग्जमधील डेटा-वापराचा आकडा फळ्यावर लिहा. एकच चित्रफीत पाच मिनिटे आधी ३६० वर, मग १०८० वर दाखवा आणि प्रत्येक वेळी आकडा पुन्हा वाचा. वजाबाकी विद्यार्थ्यांनाच करू द्या.