रहिवासी नाही, मतदार नाही. तरीही प्रशासक आहे

हिंदी महासागराच्या दक्षिणेकडील ॲमस्टरडॅम बेटावर जानेवारी २०२५ मध्ये वणवा भडकला. बेटावरील संशोधन तळावर त्या वेळी ३१ जण होते. बेटावर धावपट्टी नाही आणि सर्वांत जवळचे मोठे फ्रेंच ठाणे असलेले रियुनियन बेट अडीच हजार किलोमीटरहून अधिक दूर आहे. परिसरातील एका मासेमारी जहाजाने या सर्वांना सुखरूप सोडवले. वणवा मात्र अनेक आठवडे धुमसत राहिला.

हे बेट ज्या प्रदेशात मोडते, त्याचे नाव 'फ्रेंच दक्षिणी व अंटार्क्टिक प्रदेश' असे लांबलचक आहे. ६ ऑगस्ट १९५५ च्या कायद्याने तो अस्तित्वात आला. केर्गेलेन, क्रोझे, सेंट पॉल-ॲमस्टरडॅम, अंटार्क्टिकातील ॲडेली लँड आणि २००७ मध्ये जोडण्यात आलेली मादागास्करभोवतालची विखुरलेली बेटे, असे त्याचे पाच जिल्हे. या प्रदेशात कायमचा रहिवासी एकही नाही, त्यामुळे निवडणूक नाही आणि लोकप्रतिनिधीही नाही. कारभार पॅरिसने नेमलेला प्रशासक पाहतो, तोही रियुनियनमधील सेंट पियेर शहरात बसून. प्रत्येक जिल्ह्याचा एक प्रमुख असतो. शास्त्रज्ञ, तंत्रज्ञ व लष्करी कर्मचारी काही महिने किंवा वर्षभरासाठी येतात आणि परततात. त्यांची व सामानाची ने-आण करणारे 'मारियाँ द्युफ्रेन' हे जहाज वर्षातून मोजक्याच फेऱ्या करते. ॲडेली लँडची रसद तर ऑस्ट्रेलियातील होबार्टहून जाते.

या ओसाड भूमीचा एवढा खटाटोप कशासाठी? उत्तर जमिनीत नसून पाण्यात आहे. प्रत्येक बेटाभोवती २०० सागरी मैलांचे विशेष आर्थिक क्षेत्र मिळते आणि या बेटांमुळे फ्रान्सच्या वाट्याला २० लाख चौरस किलोमीटरहून अधिक समुद्र आला आहे. केर्गेलेन व क्रोझेच्या खोल पाण्यात पॅटागोनियन टूथफिश हा अतिशय महागडा मासा सापडतो. १९९० च्या दशकात त्याची बेसुमार चोरटी मासेमारी झाली. तेव्हापासून नौदलाची गस्त वाढली, पकडीची मर्यादा प्रशासन ठरवू लागले आणि परवानाधारक प्रत्येक नौकेवर सरकारी निरीक्षक असतो. मासेमारीचे शुल्क हे तिजोरीचे एक प्रमुख साधन. टपाल तिकिटांच्या विक्रीतूनही उत्पन्न मिळते. जिथे पत्र लिहायला माणूस नाही तिथल्या तिकिटांना संग्राहकांकडून मागणी आहे!

मालकीचा प्रश्न मात्र सर्वत्र सुटलेला नाही. मादागास्कर जून १९६० मध्ये स्वतंत्र झाला. त्याच्या जेमतेम तीन महिने आधी फ्रान्सने युरोपा, हुआन दे नोव्हा, ग्लोरिओसो व बासास दा इंडिया ही बेटे त्याच्या कारभारातून वेगळी काढली. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९७९ मध्ये ती परत करण्याबाबत वाटाघाटी सुरू करण्याचे आवाहन केले, परंतु बेटे आजही फ्रान्सकडेच आहेत. ('बासास दा इंडिया' या नावाचा हिंदुस्थानशी संबंध नाही. पोर्तुगीज 'जुदिया' हा शब्द नकाशाकारांनी चुकीचा वाचल्याने ते नाव रूढ झाले, असे सांगितले जाते.) ट्रोमलिनवर मॉरिशसचा दावा आहे. तेथील संयुक्त व्यवस्थापनाचा करार २०१० मध्ये झाला, पण फ्रेंच संसदेची मंजुरी न मिळाल्याने तो अमलात आलेला नाही.

ॲडेली लँडची गोष्ट निराळी. १८४० मध्ये द्युमाँ द्युर्व्हिल या दर्यावर्दीने या किनाऱ्याला आपल्या पत्नीचे नाव दिले. १९५९ च्या अंटार्क्टिक कराराने तेथील सर्व देशांचे दावे आहे त्या स्थितीत गोठवले. दावा सोडण्याची सक्ती नाही, तो वाढवण्याची मुभाही नाही. १९८३ मध्ये या करारात सामील झालेल्या भारताने अंटार्क्टिकात कोणताही भूभाग मागितलेला नाही. त्याच्या तेथील मोहिमांचा कारभार गोव्यातील वास्को येथून चालतो.

एकट्या पडलेल्या माणसांचा इतिहास या बेटांना नवा नाही. १९३० मध्ये सेंट पॉलवरील लॉब्स्टर कारखान्याची राखण करण्यासाठी सात जणांना मागे ठेवण्यात आले होते. ठरलेले जहाज वेळेवर आलेच नाही. वर्षअखेरीस मदत पोहोचली तेव्हा तिघेच जिवंत होते.