पाय नव्हे, कानच!

पवन मावळात काळ्या कातळावर उतरताना आमच्या पुतण्याच्या ड्रोनचा पुढचा पाय मोडला. ‘‘चिकटवून टाकू, काका,’’ तो म्हणाला. मी थांबवले. घडीच्या काही ड्रोनमध्ये पुढच्या पायांतच अँटेना दडलेली असते. २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी साधारण १२.५ सेंटिमीटर, तिच्या पावपट, म्हणजे जेमतेम तीन सेंटिमीटरची तार पुरते. पण ती तुटली किंवा पायाला आधार म्हणून बांधलेल्या कार्बन फायबरच्या पट्टीआड गेली, की पल्ला घटतो. मग डोंगराआड गेलेले यंत्र हाकेला ओ देत नाही! म्हणून आतली तार तपासूनच पाय जोडावा; पहिले उड्डाण मोकळ्या माळावर, नजरेसमोर करावे. लोणावळ्यात नौदलाची ‘आयएनएस शिवाजी’ आहे; तेव्हा मनाई क्षेत्राचा नकाशाही आधी पाहावा.