रस्त्याचे नाव एक, नंबर दुसरा
दुकानाच्या पाटीपासून मोबदल्याच्या नोटिशीपर्यंत व्यापाऱ्याला उपयोगी पडणारी माहिती

मेढ्याच्या मुख्य चौकात उभे राहून आम्ही चार दुकानदारांना एकच प्रश्न विचारला : "हा समोरचा रस्ता कोणता?" फळवाले बागवान चाचा म्हणाले, "महाबळेश्वर रोड." शेजारचे टायरवाले म्हणाले, "सातारा रोड." तिसऱ्याने 'मेन रोड' सांगितले आणि चौथ्याने, "रस्ता तो रस्ता, त्याला काय नाव?" असे म्हणून चहा मागवला. सरकारी कामकाजात आणि वर्तमानपत्रांत मात्र याच रस्त्याचा उल्लेख 'विटा-महाबळेश्वर मार्ग' असा येतो. सांगली जिल्ह्यातील विट्याचे नाव आपल्या दुकानापुढच्या रस्त्याला आहे, हे चौघांपैकी एकालाही ठाऊक नव्हते.

यात हसण्यासारखे काही नाही. वेण्णेच्या काठाने, कण्हेर धरणाच्या बाजूने साताऱ्याला जाणारा रस्ता लोकांच्या तोंडी 'सातारा रोड'च राहणार, आणि केळघरचा घाट चढणारा 'महाबळेश्वर रोड'च. परंतु ज्याचे पोट रस्त्यावर चालते, त्याला रस्त्याचे कागदावरचे नाव, नंबर आणि दर्जा या तिन्ही गोष्टी माहीत असल्या पाहिजेत. त्या माहीत नसल्या की नुकसान कसे होते, ते पुढे येईलच.

जुना चार नंबर कुठे गेला?

आपल्या भागातील सर्वांत मोठा रस्ता म्हणजे पुणे-सातारा-कराड-कोल्हापूर-बंगळूर महामार्ग. बेळगाव-हुबळीकडे त्याला आजही 'पी. बी. रोड' म्हणतात. आपल्याकडे अनेक गॅरेजवाले, ढाबेवाले आणि वखारवाले यांच्या पाटीवर अजून 'एन. एच. ४' असे लिहिलेले दिसते. प्रत्यक्षात २०१० साली केंद्र सरकारने देशातील सर्व राष्ट्रीय महामार्गांचे नंबर नव्याने लावले. तेव्हापासून हा रस्ता ४८ नंबरचा आहे. दिल्लीहून निघून जयपूर, अहमदाबाद, मुंबई, पुणे, सातारा, बंगळूर असा चेन्नईपर्यंत जाणारा हा एकच मार्ग धरला जातो. जुना चार नंबर आता अंदमान बेटावरच्या रस्त्याला आहे! म्हणजे पाटीवर नुसते 'एन. एच. ४' लिहिणारा आपला बांधव कागदोपत्री स्वतःचे दुकान अंदमानात मांडून बसला आहे.

मुंबई-गोवा रस्ता पूर्वी १७ होता, तो आता ६६ आहे. पुणे-सोलापूर-हैदराबाद ९ होता, तो ६५ झाला. पुणे-नाशिक ५० होता, तो ६० झाला. गंमत म्हणजे जुना ४८ नंबर पूर्वी बंगळूर-मंगळूर रस्त्याचा होता. त्यामुळे जुना नकाशा किंवा जुना करारनामा हातात असेल, तर त्यातील नंबर आजचा समजून चालू नये. आधी कागदाचे साल पाहावे.

नंबर वाचायचा कसा?

नव्या पद्धतीत नंबर मनाला येईल तसे दिलेले नाहीत. हिशेब सोपा आहे. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या मुख्य महामार्गांना सम आकडे, आणि ते पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जातात. नागपूरवरून कन्याकुमारीला जाणारा ४४, त्याच्या पश्चिमेला आपला ४८, आणि समुद्राकाठचा ६६. पूर्व-पश्चिम महामार्गांना विषम आकडे, आणि ते उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढतात. धुळे-नागपूरचा ५३ वर आहे आणि पुणे-सोलापूरचा ६५ खाली.

तीन आकडी नंबर म्हणजे मुख्य रस्त्याच्या फांद्या. शेवटचे दोन आकडे मूळ रस्त्याचे, आणि पुढचा आकडा फांदीचा. रत्नागिरीहून कोल्हापूरला येणारा १६६ हा ६६ ची फांदी आहे. अक्षर जोडले असेल तर ती त्याच नंबरातील आणखी एक वाट. गुहागर, चिपळूण, कराड, विटा, जत, विजापूर हा मार्ग '१६६ ई' आहे. साताऱ्याहून कोरेगाव, म्हसवड, अकलूज असा पुढे जाणारा '५४८ सी' आहे, म्हणजे मूळ ४८. आळंदी-पंढरपूर पालखी मार्ग ९६५ आहे, त्याचे मूळ ६५. एवढे ध्यानात ठेवले की ट्रकवाल्याला दिशा सांगताना चूक होत नाही.

दर्जा महत्त्वाचा

नंबराइतकाच महत्त्वाचा रस्त्याचा दर्जा. महाराष्ट्रात राष्ट्रीय महामार्गाखाली प्रमुख राज्य महामार्ग, राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग अशी उतरंड आहे. सरकारी कागदावर यांची रूपे आखूड असतात : प्ररामा, रामा, प्रजिमा, इजिमा, ग्रामा. रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडाचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग आणि हिरवा असेल तर राज्य महामार्ग, ही साधी खूण आहे.

खड्डा पडला, गटार तुंबले किंवा झाड आडवे झाले, तर अर्ज कोणाकडे द्यायचा हे दर्जावर ठरते. राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याकडे असतात. इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे, आणि गावातील गल्ल्या नगरपंचायतीकडे किंवा ग्रामपंचायतीकडे. आपले बांधव एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत हेलपाटे घालतात, त्याचे कारण बहुधा हेच असते की अर्ज चुकीच्या दारी दिलेला असतो.

दुसरी गोष्ट बांधकामाची. रस्त्याच्या मध्यापासून किती अंतर सोडून दुकान बांधायचे, यासाठी इमारत रेषा आणि नियंत्रण रेषा ठरलेल्या असतात, आणि ही अंतरे दर्जाप्रमाणे बदलतात. काल जिल्हा मार्ग असलेला रस्ता आज राज्य किंवा राष्ट्रीय महामार्ग झाला, की नव्या बांधकामाचा नियमही बदलतो. राष्ट्रीय महामार्गावर पेट्रोल पंप, हॉटेल किंवा गॅरेज यांसाठी वाट काढायची तर २००२ च्या कायद्यानुसार परवानगी लागते.

दर्जाने धंद्याचे भवितव्य कसे ठरते, याचे एक उदाहरण देशाने पाहिले आहे. १५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री बंद करण्याचा हुकूम दिला. दारूचा धंदा आपला नव्हे, तो आपल्याला हरामच आहे. परंतु त्या वेळी अनेक राज्यांत शहरांतील रस्त्यांचा दर्जा बदलून घेण्यासाठी जी धावपळ झाली, त्यावरून रस्त्याच्या दर्जाची किंमत त्या व्यापाऱ्यांना किती अचूक कळली होती ते दिसले. आपल्या हलाल रोजीसाठी आपणही तितकेच जागरूक का असू नये?

नोटीस आली आणि निघून गेली

सर्वांत मोठे नुकसान होते ते भूसंपादनात. राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन घ्यायची असेल तर १९५६ च्या कायद्याखाली आधी राजपत्रात अधिसूचना निघते. तिचा सारांश दोन स्थानिक वर्तमानपत्रांत छापावा लागतो, त्यांपैकी एक स्थानिक भाषेतील असते. प्रसिद्धीनंतर २१ दिवसांच्या आत, जमिनीत हितसंबंध असलेल्या कोणालाही लेखी हरकत घेता येते. त्या अधिसूचनेत 'कराड रोड' किंवा 'स्टँडजवळचा रस्ता' असे शब्द नसतात. तिथे महामार्गाचा नंबर, किलोमीटर आणि गट नंबर असतात. विट्यातील एखाद्या दुकानदाराने 'राष्ट्रीय महामार्ग १६६ ई' असे वाचून, हा कुठला तरी दूरचा रस्ता असेल म्हणून पान उलटले, तर २१ दिवस निघून जातात आणि हरकतीची संधीही जाते. मोबदल्याची रक्कम मान्य नसेल तर लवादाकडे दाद मागता येते, हेही लक्षात ठेवावे. भूसंपादनाच्या २०१३ च्या कायद्यातील मोबदल्याच्या तरतुदी १ जानेवारी २०१५ पासून राष्ट्रीय महामार्गांच्या संपादनालाही लागू आहेत.

नाव आणि नंबर

मोठ्या रस्त्यांना थोर माणसांची नावे देण्याची पद्धत आपल्याकडे आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाला यशवंतराव चव्हाण यांचे नाव आहे. ते आज सांगली जिल्ह्यात असलेल्या देवराष्ट्रे गावचे. नावाने आदर राहतो, पण पावती, विमा आणि फिर्याद यांत काम पडते ते नंबराचे. राष्ट्रीय महामार्गावर अपघात झाला तर १०३३ या क्रमांकावर मदत मिळते. तिथे पहिला प्रश्न असतो : कोणता महामार्ग, कितवा किलोमीटर?

नुसत्या गावाच्या नावावरही विसंबू नये. पाचवडहून मेढ्याला येताना लागणारे कुडाळ जावळी तालुक्यातले, आणि मुंबई-गोवा महामार्गावरचे कुडाळ सिंधुदुर्गातले. आमच्याच एका ओळखीच्या व्यापाऱ्याचा माल नुसते 'कुडाळ' लिहिल्यामुळे कोकणात उतरला होता. वाहतूकदाराने हात वर केले आणि परतीचे भाडे व्यापाऱ्याच्या अंगावर पडले.

एवढे करावे

व्यापारी व कारागीर बांधवांना आमची विनंती आहे की त्यांनी या महिन्यात तीन कामे करावीत. पहिले, पाटी, बिलबुक व लेटरहेडवरचा जुना महामार्ग नंबर दुरुस्त करावा, आणि पत्त्यात तालुका, जिल्हा व पिनकोड न चुकता लिहावा. दुसरे, दुकानापुढच्या रस्त्याचे कागदावरचे नाव, नंबर व दर्जा तालुक्याच्या बांधकाम कचेरीत विचारून, आपल्या सातबाऱ्याच्या किंवा भाडेकराराच्या नकलेबरोबर लिहून ठेवावा. तोंडी सांगत नसतील तर माहितीच्या अधिकारात अर्ज करावा. तिसरे, मशिदीत किंवा जमातीच्या बैठकीत एखाद्या शिकलेल्या तरुणावर वर्तमानपत्रातील भूसंपादनाच्या नोटिसा वाचून दाखवण्याची जबाबदारी टाकावी.

व्यवहार लिहून ठेवावा, ही ताकीद सूरह अल-बकरामध्ये आपल्याला दिलेलीच आहे. उधारी आपण वहीत लिहितो. ज्या रस्त्यावरून ती उधारी आणि रोजी येते, त्याचा नंबरही त्याच वहीच्या पहिल्या पानावर असू द्यावा.